भीतीचा सराव

खिताम या शब्दाचा अर्थ शेवट. चार मुलींच्या पाठीवर पाचवीही मुलगीच झाली तेव्हा बापाने हे नाव ठेवलं. देवाला समजेल अशा भाषेत केलेली ती तक्रार होती. देवाने ती मनावर घेतली नाही. खितामच्या मागून आणखी दोघी आल्या आणि पुढची नावं ठेवायचं काम बापाने बायकोवर टाकून दिलं. सात मुलींच्या त्या घरात जी ओरडेल तिला आधी वाढलं जायचं. खिताम ओरडत नसे. कुजबुजतही नसे. तिचा आवाज पहिल्यापासून एकाच पट्टीत चालायचा. ‘आजी गेली’ आणि ‘भात झाला’ या दोन्ही बातम्या तिने एकाच दिवशी, एकाच सुरात दिल्या होत्या, हे तिच्या बहिणी लग्नाकार्यात अजून सांगतात.

असा आवाज घेऊन ती इंग्रजीची शिक्षिका झाली. जर्का गावातल्या सरकारी मुलींच्या शाळेत तिने अर्धं आयुष्य काढलं. इंग्रजी ती पुस्तकातून शिकली होती आणि पुस्तकातूनच शिकवायची. धड्यात कुणाचं लग्न असो की कुणाचं घर जळो, खितामबाई पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सरळ वाचत जायच्या. मुली पेंगायच्या, पण पास व्हायच्या, म्हणून कुणी तक्रार केली नाही. निवृत्त झाली तेव्हा शाळेने तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि ती नवरा अदीब आणि सासू यांच्यासोबत अम्मानच्या हाश्मी भागातल्या घरात दिवस मोजत बसली.

पुढे तिची एक जुनी विद्यार्थिनी तिला रस्त्यात भेटली. ती मुलगी एका कार्यालयात कामाला होती. शेजारच्या देशांतून जीव मुठीत धरून पळून आलेली माणसं तिथे येऊन आपली हकिकत सांगत. ज्यांची पटेल त्यांना दूर कुठल्यातरी थंड देशात घर मिळे. ज्यांची पटणार नाही ती अम्मानमध्येच राहत, परवान्यावाचून, उद्या परत पाठवतील की परवा या धास्तीत. हकिकत ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांना इंग्रजीशिवाय काही येत नसे. ‘बाई, तुमच्यासारखं शुद्ध इंग्रजी कुणाचं आहे?’ मुलगी म्हणाली. खितामला ते पटलं. शुद्ध तर ते होतंच.

दुभाषीच्या कामाआधी आठवडाभर शिकवणी होती. शिकवणारा डेरेक नावाचा म्हातारा इंग्रज होता, कानात केस आणि पायात सपाता. पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं, ‘समोरचा माणूस रडेल, थरथरेल, गप्प बसेल. अधिकाऱ्याला त्यातलं निम्मंच कळेल. त्याच्या कानावर पडतो तो तुमचा आवाज. शब्द बरोबर आणि सूर चुकीचा असेल तर तुम्ही खोटं बोललात.’ मग त्याने सगळ्यांना एकच साधं वाक्य दिलं, ‘आज पाणी आलं,’ आणि ते इंग्रजीत आनंदाने, रागाने, दुःखाने, संशयाने आणि भीतीने म्हणायला लावलं. आमच्या अम्मानमध्ये नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तेव्हा या वाक्याला या सगळ्याच भावना शोभतात. वर्गात हशा पिकला. खितामची पाळी आली. तिने पाचही वेळा पाणी सारखंच आणलं.

डेरेक हसला नाही. ‘आनंदात आवाज वर जाऊन तिथेच थांबतो,’ तो म्हणाला. ‘दुःखात तो हळूहळू उतरतो. भीतीत तो भलत्याच शब्दावर वर जातो, मध्येच श्वास तुटतो आणि वाक्य संपवायचं धैर्य होत नाही. घरी करून बघा.’ खितामने ते लिहून घेतलं आणि घरी काही करून बघितलं नाही. एवढी वर्षं शिकवण्यात गेलेल्या बाईला शिकायची लाज वाटते.

मग सिद्दीकची हकिकत तिच्याकडे आली. सिद्दीक सुदानचा, वयाने तिच्याएवढाच, हडकुळा. अधिकारी त्या दिवशी दुसऱ्या शहरात होता आणि फोनवरून ऐकत होता. खोलीत सिद्दीक आणि खिताम दोघंच. गावाला आग लागली ते सांगताना सिद्दीकचे गुडघे टेबलाखाली एकमेकांवर आपटत होते. खितामला ते ऐकू येत होतं. तिने एकही शब्द गाळला नाही. एकाही क्रियापदाचा काळ चुकवला नाही. काम झाल्यावर तिला स्वतःचा अभिमानच वाटला.

निकाल आला तो नकाराचा. नियमाप्रमाणे तो सिद्दीकला अरबीत सांगायचं काम दुभाषीचंच. खितामने वाचायला सुरुवात केली आणि मधल्या एका ओळीवर तिची जीभ अडखळली: अर्जदाराने ही हकिकत कसलीही भीती न दर्शवता सांगितली, सबब ती स्वतः अनुभवलेली वाटत नाही. सिद्दीकने ओळ पुन्हा वाचायला सांगितली. तिने वाचली. तो आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिला, मग उठला, ‘बाई, तुम्हाला फार त्रास झाला, देव तुम्हाला बळ देवो,’ असं म्हणाला आणि गेला. आमच्याकडे काम करणाऱ्या कुणालाही असंच म्हणतात. त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं.

त्या दिवसापासून खितामच्या पाचावर धारण बसली ती बसलीच.  फोन वाजला की तोंडचं पाणी पळायचं. आपण तोंड उघडलं की समोरच्याचं घर बुडणार, असं तिच्या मनाने घेतलं. काम सोडून द्यावं असंही वाटायचं, पण मग तिच्या जागी कोण येणार? जी येईल तिचा आवाज कसा असेल? डेरेक तोवर आपल्या देशी निघून गेला होता.

तेव्हा तिने स्वयंपाकघरात सराव सुरू केला.

ऐकायला होती सासू, उम्म अदीब, म्हणजे अदीबची आई. हिला इंग्रजीचा गंध नाही आणि म्हणूनच खितामने तिला परीक्षक नेमलं. शब्द कळत नाहीत त्या माणसाला फक्त सूर कळतो. उम्म अदीब गॅसच्या हीटरला पाय लावून कुसा, म्हणजे बोटभर लांबीचे कोवळे हिरवे भोपळे, कोरत बसायची. आत भात-खिमा भरायचा म्हणजे सालीला धक्का न लावता गर काढावा लागतो, आणि त्या कामात तिचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. खिताम ओट्याला टेकून इंग्रजीत म्हणायची, ‘आज पाणी आलं.’

‘आनंद,’ उम्म अदीब मान वर न करता म्हणायची. ‘पण बेताचा. नणदेला मुलगा झाल्यावर होतो तेवढा.’

‘आणि हे, मावशी?’ आमच्याकडे सासूला मावशीच म्हणतात.

‘हे रडणं. चांगलं जमलं. तुझ्या आईच्या मयतीत एवढं जमलं नव्हतं.’

‘आता हे.’

‘राग. भाजीवाल्याने खालून सडके टोमॅटो घातले.’

‘राग नाही मावशी, भीती आहे ती.’

‘भीती?’ म्हातारीने सुरी थांबवली. ‘अगं, कोण कुणाला भितंय यात? मीच घाबरले तुला.’

सगळं जमलं, पण भीती जमेना. दरवेळी ती रागच होऊन बाहेर पडायची. यात एकट्या खितामचा दोष नव्हता. आमच्याकडे भीती अशीच व्यक्त होते. मूल गच्चीच्या कठड्यावरून वाकलं तर आई त्याला ओढून घेते आणि आधी एक ठेवून देते. नवऱ्याला यायला उशीर झाला तर बायको रस्त्यावर डोळे लावून बसते आणि तो दारात दिसताच त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. नुसतं घाबरून बोलणं, आरडाओरडा न करता, हे खितामने कधी कुणाच्या तोंडून ऐकलंच नव्हतं. अदीब तर म्हणाला, ‘मला विचार ना. तू दार उघडतेस तेव्हा मी रोज कसा बोलतो ते आठव.’ त्याला कुणी हसलं नाही.

हिवाळाभर हे चाललं. खिताम जिन्यात पुटपुटायची, सर्व्हिस टॅक्सीत ओठ हलवायची. शेजारचे प्रवासी समजायचे, बाई जप करतेय. ती पाण्याच्या नावाने श्वास तोडायची, भलत्या शब्दावर आवाज चढवायची. उम्म अदीबची उत्तरं ठरलेली: ‘उचकी लागली का?’ ‘बस चुकली वाटतं.’ ‘आता ही कोण बया, हिला कर्ज फेडायचं नाहीये.’

एका सकाळी कार्यालयातून फोन आला. इराकहून आलेल्या एका बाईची हकिकत परवा व्हायची होती, समोरासमोर, आणि दुभाषी म्हणून खितामचं नाव लागलं होतं. फोन ठेवून ती ओट्यापाशी आली. धुतलेला कप तिने पुन्हा धुतला. सराव चुकवायचा नाही म्हणून तिने वाक्य म्हटलं. आज पाणी आलं.

उम्म अदीबने या वेळी अंदाज केला नाही. तिने हातातला कुसा ताटलीत ठेवला, दोन्ही हात झग्याला पुसले आणि अल्लाचं नाव घेतलं. मग हळू आवाजात म्हणाली, ‘हे नको गं. हे घरात बोलू नकोस.’

जमलं होतं. खितामने ते दोन दिवस पोटाशी धरून ठेवलं.

ती इराकी बाई म्हणजे उम्म गजवान. गजवान तिचा मोठा मुलगा. बाई थोराड, स्वच्छ, पायघोळ काळा अबाया, हातात प्लास्टिकची पिशवी. सोबत रफल नावाची अकरा वर्षांची मुलगी होती, कारण मुलीला ठेवायला शहरात दुसरं कुणी नव्हतं. ती दोन वेण्या घातलेली, चुणचुणीत पोर. भिंतीपाशी खुर्ची ओढून बसली आणि खितामला म्हणाली, ‘मला पण इंग्रजी येतं. शाळेत पहिली आहे मी.’ उम्म गजवान हसून म्हणाली, ‘बाई, सांभाळून हं. चुका काढते ती.’

अधिकारी मिस फिलिपा, तिशीची, नाक उन्हाने सोललेलं. तिने समजावून सांगितलं: या खोलीत जो जे बोलेल ते सगळं दुसऱ्या भाषेत सांगितलं जाईल, काही गाळायचं नाही, काही घालायचं नाही. ही हकिकत पटली तर मायलेकी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत निघतील. नाही पटली तर दुसरी संधी नाही. खितामने हे सगळं अरबीत सांगितलं.  सिद्दीकचे गुडघे तिच्या कानात वाजायला लागले होते.

उम्म गजवान बोलू लागली. पाहुण्याला चहा पुढे करताना बाई बोलते तशी बोलत होती. आवाजात काही चढ नाही, उतार नाही, ओठांवर हलकं हसू.

‘संध्याकाळची वेळ, तुमच्या दारापासून दूर राहो, चार जण आले. सभ्य होते. गजवान कुठे आहे म्हणाले. तो जेवत होता, अर्ध्या जेवणावरून उठला. मला म्हणाला, आलोच. त्यांच्याबरोबर गेला. मग तिसऱ्या सकाळी, तुमच्या लेकरांपासून दूर राहो, त्याचे बूट फाटकाशी आणून ठेवले होते. नीट जोडीने. मी ते उचलले, रफलला उचललं आणि निघालो. अल्हम्दुलिल्लाह, रस्त्यात काही त्रास झाला नाही.’

हे असं बोलणं आमच्याकडे कुणाला नवं नाही. वाईट बातमी सांगताना आधी ऐकणाऱ्याला तिच्यापासून वाचवतात आणि शेवटी देवाचे आभार मानतात. दुःख आपलं, त्याचे शिंतोडे दुसऱ्यावर कशाला? हे शब्द इतके रोजचे की कुणाच्या कानात शिरत नाहीत. खितामच्याही शिरले नाहीत. तिला दिसली फक्त ती सपाट पट्टी, तिची स्वतःची जुनी पट्टी, आणि दिसलं की हिचंही सिद्दीकसारखं होणार. ‘कसलीही भीती न दर्शवता.’  दारापासून दूर, लेकरांपासून दूर, देवाची कृपा, हे सगळं तिने पालापाचोळ्यासारखं बाजूला सारलं आणि हिवाळाभर कमावलेला आवाज बाहेर काढला.

तिने फार चांगलं केलं. डेरेक असता तर उठून उभा राहिला असता. ‘चार जण आले’ इथे श्वास तुटला. ‘आलोच’ हा शब्द वर जाऊन तिथेच लोंबकळत राहिला. आणि ‘बूट’ म्हणताना तिचा आवाज असा फाटला की पुढचं ‘नीट जोडीने’ पूर्णच झालं नाही.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. रफल उभी राहिली होती. तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

‘यम्मा,’ ती आईला म्हणाली, ‘या बाई असं का सांगतायत?’

उम्म गजवान वळली. ‘कसं, बाळा?’

‘तू असं नाही सांगत. तू म्हणतेस तो गेला आणि त्याने बूट पाठवून दिले.’ तिने खितामकडे पाहिलं. ‘बूट कुणी आणले मग? तो अनवाणी कुठे गेला?’

उम्म गजवानचं हसू ओठांवर तसंच राहिलं, फक्त त्याच्या मागे आता कुणी नव्हतं. तिला इंग्रजीतलं अक्षर कळत नव्हतं. पण आपली पोर कशाने पांढरी पडली ते तिला बरोबर कळलं.

‘तू काय सांगितलंस तिला?’ तिने खितामला विचारलं.

त्याच वेळी मिस फिलिपाने पेन खाली ठेवलं. ‘थांबा,’ ती खितामला म्हणाली. ‘या बाई शांतपणे बोलतायत. घाबरलेला आवाज तुमचा आहे. त्या असंच बोलल्या का? की तुम्ही काही घातलंत?’

खितामला पुढचं सगळं दिसलं. दुभाषीने पदरचं घातलं असं ठरलं तर अख्खी हकिकत बाद. पुन्हा रांग, पुन्हा नवा अधिकारी, आणि वहीत कायमचा शेरा की या बाईच्या बोलण्यात गडबड होती. सिद्दीकला ती कमी पडली होती. इथे ती जास्त झाली. एकीकडून आई बघत होती, दुसरीकडून अधिकारी, आणि मध्ये ती पोर उभी होती. तिच्या एका वेणीचं टोक तिच्याच मुठीत घट्ट आवळलेलं होतं.

‘शब्द त्यांचे आहेत,’ खिताम इंग्रजीत म्हणाली. आवाज कुठल्या पट्टीत लागला ते तिला कळलं नाही. ‘आवाज माझा. चूक माझी आहे, त्यांची नाही. आणि काही शब्द मी गाळलेसुद्धा.’

मिस फिलिपा काही बोलणार तोच उम्म गजवान म्हणाली, ‘मुलीला बाहेर पाठव. आधी मुलीला बाहेर पाठव.’ खितामने ते सांगितलं. मिस फिलिपाने दाराबाहेरच्या कारकून बाईला हाक मारली आणि रफल गेली. जाताना मागे वळून बघत गेली.

दार लागलं. उम्म गजवान टेबलावर पुढे झुकली. पाहुण्याला चहा देणारी बाई आता तिथे नव्हती.

‘सहा वर्षं,’ ती खितामला म्हणाली, ‘सहा वर्षं मी हा आवाज सांभाळला. तिच्यासाठी. रात्री उशीत तोंड खुपसून रडले आणि सकाळी या आवाजात तिला उठवलं. शेजारणींसमोर हाच आवाज, मशिदीत हाच. तिला वाटतं भाऊ गेलाय, येईल. आणि तू कोण कुठली, एका श्वासात तू तिला सांगून टाकलंस की तो मेला. माझ्या तोंडून जे कधी निघालं नाही ते तू माझ्या नावावर सांगितलंस. तुला मुलं आहेत का गं?’

खोलीतला नियम असा की जो जे बोलेल ते सगळं सांगायचं. मिस फिलिपा वाट बघत होती. खितामने सांगायला सुरुवात केली. सहा वर्षं मी हा आवाज सांभाळला. स्वतःला पडलेल्या शिव्या स्वतःच्याच तोंडाने, परक्या भाषेत, एकही न गाळता. श्वास कुठे तोडायचा, आवाज कुठे चढवायचा, याचा विचार करायला तिला सवड नव्हती. ‘तू कोण कुठली,’ ती स्वतःला म्हणाली. ‘तुला मुलं आहेत का गं?’ तिथे मात्र तिला थांबावं लागलं, कारण तिला मुलं नव्हती आणि ते सांगायची तिची जागा नव्हती.

मिस फिलिपाने लिहिलं नाही. ती उम्म गजवानच्या हातांकडे बघत होती. मग म्हणाली, ‘त्यांना सांगा, मुलगी बाहेर आहे, दार बंद आहे. आता ती संध्याकाळ मला पुन्हा सांगाल का?’

उम्म गजवानने सांगितली. या वेळी दारापासून दूर नाही, लेकरांपासून दूर नाही. देवाचं नावही एकदाच आलं आणि ते आभारासाठी नव्हतं. ती ओरडली नाही. रडलीही नाही, निदान सुरुवातीला. बूट तिने उचलले तेव्हा आत काय होतं ते तिने सांगितलं, आणि मी ते इथे लिहीत नाही. परत गेलात तर कुणाची भीती वाटते, असं मिस फिलिपाने विचारलं. ती म्हणाली, ‘फाटकाची. सकाळी उठून फाटक उघडायची.’

खिताम ते सांगत गेली. तिला भीती वाटत होती, खरी, नागडी भीती, पण ती उम्म गजवानची नव्हती, तिची स्वतःची होती. आणि ती तिने दातांमागे कोंडून ठेवली.

शेवटी मिस फिलिपा म्हणाली, ‘मी हे पुढे पाठवते आहे. माझ्या शिफारशीसह. त्यांना सांगा.’ मग खितामकडे न बघता म्हणाली, ‘तुमच्याबद्दल आपण नंतर बोलू.’

खितामने पहिलं वाक्य सांगितलं. उम्म गजवानने मान हलवली. तिने कागदी रुमालाने तोंड पुसलं, ग्लासातलं पाणी प्यायली, डोक्यावरचा रुमाल नीट केला. मग दाराकडे तोंड करून हलक्या आवाजात म्हणाली, ‘रफल.’ आवाज फाटका निघाला. तिने घसा खाकरला. ‘रफल.’ अजून ओला होता. तिने डोळे मिटले, ओठ पुसले आणि पुन्हा म्हटलं, ‘रफल.’ आता तो तयार झाला होता. खिताम हे सगळं बघत होती. हिवाळाभर ओट्याशी तिने जे केलं ते इथे एक बाई तीन हाकांत करत होती, उलट्या बाजूने.

‘ये गं माझे राणी,’ तिने दार उघडून हाक मारली, ‘झालं आमचं.’

रफल आत आली. तिच्या वेण्या कुणीतरी पुन्हा घालून दिल्या होत्या, किंवा तिने स्वतःच घातल्या होत्या. डोळ्यांच्या कडा धुतलेल्या होत्या. ती हसली आणि म्हणाली, ‘इतक्यात झालं? मला वाटलं अजून वेळ लागेल. बाहेर टीव्हीवर कार्टून चालू होतं, छान होतं, मी हसून हसून दमले.’

बाहेरचा टीव्ही सकाळपासून बंद होता. खितामने येतानाच तो पाहिला होता, वायर काढून भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. पण त्या पुराव्याची गरज नव्हती. पोरीच्या आवाजात चढ नव्हता, उतार नव्हता. पाहुण्याला चहा पुढे करावा तसा तो पुढे आला होता.

उम्म गजवानने मुलीच्या धुतलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. मग तिने पिशवी उचलली आणि मुलीचा हात धरला. ‘छान,’ ती म्हणाली. ‘घरी जाताना मला सांग त्यात काय काय झालं ते.’

‘सांगते,’ रफल म्हणाली. ‘खूप गंमत आहे.’

मिस फिलिपाने खितामकडे पाहिलं. ‘काय म्हणतायत त्या?’

रफल खितामच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. शाळेत इंग्रजीत पहिली आलेली मुलगी.

‘मुलगी म्हणते की कार्टून छान होतं,’ खितामने इंग्रजीत सांगितलं, तिच्या जुन्या सरळ आवाजात. ‘आई म्हणते, घरी जाताना सांग.’